झोना पेल्युसिडा हाताळण्याआधी

झोना पेल्युसिडा म्हणजे सस्तन प्राण्यांच्या अंड्याभोवतीचं (अंडपेशीभोवतीचं) आवरण. त्याला नुसतं टरफल समजू नकोस. उंदरात ते ३ प्रथिनांचं असतं, माणसात ४. म्हणून उंदरावरचे निष्कर्ष माणसाला सरसकट लावू नकोस. खरी गंमत शुक्राणू आत शिरल्यावर. अंड्यातलं कॅल्शियम उसळतं, पटलाखालच्या कणिकांमधून ओव्हास्टॅसिन हे विकर (एन्झाइम) बाहेर पडतं, ते आवरणातलं झेडपी-२ हे प्रथिन कापतं आणि मग नवे शुक्राणू आवरणाला चिकटत नाहीत. हे विकर फलनाआधीही थोडंथोडं झिरपतं. त्यामुळे सीरमविना (रक्तद्रवाविना) माध्यमात अंडी पक्व करणार असशील तर फेट्युइन, म्हणजे या विकराला रोखणारं सीरममधलं प्रथिन, घाल. नाहीतर आवरण आधीच कडक होतं आणि दोष बिचाऱ्या शुक्राणूंवर येतो! आवरण काढायला आम्लधर्मी टायरोड द्रावण चालतं, पण सूक्ष्मदर्शकावरून नजर हटवू नकोस. विरघळताना दिसलं की अंडी लगेच धुऊन घे.