कॉपी केलेल्या सीडीची शेवटची गाणी अडखळतात, 1 एक्स स्पीडने राइट करू का?

तुमचा प्रश्न असा: वडिलांच्या भजनांची सीडी 52 एक्सवर (1 एक्स म्हणजे गाणी वाजायला लागतो तेवढ्याच वेळात राइट करणं, 52 एक्स म्हणजे त्याच्या 52 पट वेग) कॉपी केली, ती गाडीत शेवटच्या गाण्यांना अडखळते, 1 एक्सवर केली तर आवाज सुधारेल का?

शेवटचीच गाणी अडखळतात ना, मग बिघाड बहुधा राइट करतानाच झालाय. सीडी आतून बाहेर लिहिली जाते आणि ड्राइव्ह पूर्ण 52 एक्स गाठतो तो बाहेरच्या कडेलाच. तिथेच सीडी जास्त डगमगते आणि स्वस्त कोऱ्या सीडीत रंगाचा थरही (ज्यावर लेझर लिहितो तो) तिथेच असमान असू शकतो. लेझरने उमटवलेल्या खुणा कमी-जास्त लांबीच्या झाल्या की प्लेयर चुकतो. थोड्या चुका तो स्वतः सुधारून घेतो, त्यापलीकडे आवाज तुटतो. डेटा सीडीत दुरुस्तीची एक जादा सोय असते, ऑडिओ सीडीत नसते. म्हणून त्याच डब्यातल्या सीडीवर फोटो व्यवस्थित उघडतात आणि गाणी मात्र खरखरतात.

पण 1 एक्सच्या मागे लागू नका. बऱ्याच नव्या ड्राइव्हना तो स्पीड जमतच नाही. शिवाय आजच्या कोऱ्या सीडीचा रंग जलद राइटिंगसाठी बनवलेला असतो, त्यामुळे फार हळू लिहिल्यावर कधीकधी चुका उलट वाढतात. मी गाण्यांसाठी 16 एक्स ठेवतो. 80 मिनिटांची सीडी साधारण पाच-सहा मिनिटांत होते, त्याहून घाई कशाला?

माझ्या मते पैसे खर्च करायचे ते कोऱ्या सीडीवर. डब्यावरचं नाव एकाचं आणि माल दुसऱ्याचा, हे सर्रास चालतं. खऱ्या उत्पादकाचा कोड कोऱ्या सीडीवर आधीच कोरलेल्या बारीक खाचेतच असतो. तो वाचून ड्राइव्ह लेझरची ताकद ठरवतो. कोड ओळखीचा नसेल तर अंदाजाने लिहितो. म्हणून एकाच डब्यातल्या सीडी एका कॉम्प्युटरवर छान होतात, दुसऱ्यावर वाया जातात. घेतलेली सीडी बल्बसमोर धरून पाहा: टाचणीच्या टोकाएवढे उजेडाचे ठिपके दिसले किंवा कडेला रंग फिका वाटला, तर ती भजनांसाठी वापरू नका. गाडीसाठी सीडी-आरडब्ल्यूही (पुसून पुन्हा लिहिता येणारी सीडी) नको, तिच्यावरून प्रकाश फार कमी परततो आणि बरेच जुने प्लेयर तिला ओळखतच नाहीत.

आणखी एक, मूळ सीडीवर चरे असतील तर थेट डिस्क-टू-डिस्क कॉपी करू नका. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपीसारख्या प्रोग्रॅमने सिक्युअर मोडमध्ये (यात तोच भाग पुन्हा वाचून तपासला जातो) गाणी आधी हार्ड डिस्कवर वेव्ह फायली (आवाज न दाबता साठवणाऱ्या फायली) म्हणून उतरवा, हेडफोन लावून ऐका, मगच राइट करा. त्या फायली जपून ठेवा, म्हणजे पुढची कॉपी करायला मूळ सीडी पुन्हा बाहेर काढावी लागणार नाही.