आधी संहिता, मग अर्थ
(दुर्बोध आणि विस्मृत कवितांविषयी वाचकांचे प्रश्न)

प्रश्न : मर्ढेकरांच्या ‘पिपांत मेले ओल्या उंदिर’मधले उंदीर म्हणजे नक्की कोण? एका गाइडमध्ये ‘कामगार’ आहे, दुसऱ्यात ‘महायुद्धात मेलेली माणसे’, आमचे सर ‘यंत्रयुगातला माणूस’ म्हणतात. परीक्षेत काय लिहायचे? (बी.ए.चा विद्यार्थी)

उत्तर : उंदीर म्हणजे कोण, हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारायचा असतो. तुमच्याकडे तो पहिल्यांदा विचारला गेला, म्हणून तीन उत्तरे आली आणि तिन्हींतून कविता निसटली.

आधी संहिता, म्हणजे कवितेचा मूळ शब्दपाठ, नीट करून घ्या. ही कविता ‘काही कविता’ (१९४७) या संग्रहात आहे. फॉरवर्ड होत फिरणाऱ्या प्रतींत ‘पिंपात’, ‘उंदीर’, ‘घेऊन’ असे सर्रास दिसते. कोणते रूप बरोबर हे मात्रा मोजून ठरवता येते. लघूला १, गुरूला २. कवितेची चाल आठ मात्रांच्या आवर्तनाची आहे आणि बहुतेक ओळींत अशी दोन आवर्तने, म्हणजे १६ मात्रा आहेत. पि-पां-त ४, मेले ४, ओल्या ४, उंदिर ४. ‘पिंपात’ केले की पहिला शब्द ५ मात्रांचा होतो, ‘उंदीर’ केले की शेवटचाही, आणि ओळ १८ वर जाते. ‘गरिब बिचारे बिळांत जगले’मधला ऱ्हस्व ‘रि’ याच कारणाने. ‘गात्रलिंग अन् धुऊन घेउन’ ही ओळ तर मुद्दाम मोजून पाहा : एकाच ओळीत ‘धुऊन’चा ऊ दीर्घ आणि ‘घेउन’चा उ ऱ्हस्व. कर्तव्यदक्ष मुद्रितशोधक दोन्ही सारखे करतो आणि ओळ लंगडी होते.

मग अन्वय, म्हणजे कोणता शब्द कशाशी जातो ते. ‘ओल्या’ हे उंदरांचे विशेषण नव्हे. ओले उंदीर असते तर ‘ओले’ आले असते. ‘ओल्या’ हे सामान्यरूप आहे, ते ‘पिपांत’शी जाते : ओल्या पिपांत उंदिर मेले. उत्तरपत्रिकांत ‘ओले, भिजलेले उंदीर’ असे वर्णन हमखास येते, ते इथून. तसेच ‘दिवस सांडला घाऱ्या डोळीं’. ‘डोळीं’ ही जुनी सप्तमी, म्हणजे डोळ्यांत. १९६२च्या नियमांनी अनुच्चारित अनुस्वार गेले, त्यामुळे नव्या छपाईत नुसते ‘डोळी’ दिसते आणि वाचणारा चाचपडतो. जुन्या कवितेत अनुस्वार ही शोभा नसते, व्याकरण असते. ‘तें’ नपुंसकलिंगी एकवचन आणि ‘ते’ पुल्लिंगी अनेकवचन, एवढ्यावर कर्ता बदलू शकतो.

‘जगायची पण सक्ती आहे, मरायची पण सक्ती आहे’ इथे ‘पण’ म्हणजे ‘सुद्धा’, बोलण्यात असतो तो. दोन्ही ओळींत तो त्याच जागी आला आहे, त्यामुळे ‘परंतु’ हा अर्थ बसत नाही. लगेच पुढे मात्र ‘उदासतेला जहरी डोळे, काचेचे पण’. इथे ‘परंतु’च हवा : डोळे जहरी खरे, पण काचेचे. दोन ‘पण’ एकच समजले तर ‘जहरी’ आणि ‘काचेचे’ यांच्यातला विरोध हातातून जातो.

आता ‘बेकलायटी’. बेकलाइट हे लिओ बेकलँड यांनी १९०७ मध्ये तयार केलेले पहिले पूर्णपणे कृत्रिम प्लास्टिक. एकदा घट्ट झाले की तापवूनही ते पुन्हा वितळत नाही. कविता लिहिली गेली त्या काळात विजेची बटणे, टेलिफोन, रेडिओचे खोके त्याचेच असत, आणि मर्ढेकर नोकरीला नभोवाणीत होते. तेव्हा ओठांवरचे ‘मधाळ पोळें’ बेकलायटी म्हणजे नुसते ‘कृत्रिम’ नव्हे. हा मध कधीच पाघळणार नाही. ‘कृत्रिमतेचे प्रतीक’ लिहून पुढे गेलात तर ही ओळ वाचलीच नाही असे समजा.

एवढे झाल्यावर रचना पाहा. ‘माना पडल्या, मुरगळल्याविण’ आणि ‘माना पडल्या, आसक्तीविण’. माना पडल्या, पण कुणी मुरगळल्या नाहीत. मधे ओठ ओठांना मिळाले, पण आसक्ती नाही. मरण आणि प्रणय एकाच वाक्यरचनेत घातले आहेत, आणि दोन्हीकडे घटना घडते पण तिच्यामागचा हात किंवा इच्छा गायब आहे. आता तुमची तीन उत्तरे तपासा. ‘कामगार’ म्हटले तर मारणारा मालक हवा, तो कवितेत नाही. ‘युद्धातली माणसे’ म्हटले तर पिपाचे आणि सामूहिक मरणाचे चित्र जुळते, पण ओठांच्या ओळी अधांतरी राहतात. सरांचे उत्तर जास्त ओळी सांभाळते, फक्त ते इतके ढगळ आहे की कोणत्याही नवकवितेला चढवता येईल. परीक्षेत एकच ‘म्हणजे’ लिहू नका. कोणता अर्थ कोणत्या ओळीपर्यंत टिकतो आणि कुठे अडतो, ते ओळ उद्धृत करून दाखवा. गुण देणारा तेच शोधत असतो, निदान शोधायला हवे.

प्रश्न : ‘चाफा बोलेना’ हे प्रेमगीत की आध्यात्मिक कविता? (एक श्रोता)

उत्तर : गाण्यावरून ठरवू नका. चालीसाठी कडवी निवडली जातात, म्हणून कविता ‘बी’ या कवीच्या ‘फुलांची ओंजळ’ (१९३४) या संग्रहातून वाचा. प्रेमगीत म्हणणाऱ्यांची अडचण शेवटच्या कडव्यात आहे. तोवर रुसलेला, काही केल्या न फुलणारा चाफा फुलतो, दिशा तेजात आटतात आणि कविता विचारते, ‘कोण मी - चाफा? कोठे दोघेजण?’ दोघे असल्याशिवाय प्रेमगीत होत नाही आणि इथे दोनपण विरघळते. पण सरसकट ‘जीव-शिव’ म्हणून मोकळे होणाऱ्यांनाही आंब्याचे बन, केतकीचे बन, गळ्यात गळे घालून म्हटलेली गाणी यांचा हिशेब द्यावाच लागतो. शृंगाराच्या भाषेतून अद्वैत सांगण्याची वाट ज्ञानदेवांच्या विराण्यांपासून (विरहाच्या अभंगांपासून) मळलेली आहे. प्रश्नातला ‘की’ काढून टाका.

प्रश्न : शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एका विस्मृत कवीवर लेख लिहायचा आहे. संग्रह बाजारात नाही, कविता जुन्या मासिकांत विखुरल्या आहेत. सुरुवात कुठून करू? (एक निवृत्त शिक्षिका)

उत्तर : शं. ग. दाते यांच्या ‘मराठी ग्रंथसूची’पासून. पहिला खंड १८०० ते १९३७चा आहे. कवीचा संग्रह निघाला होता की नाही, कुठे, केव्हा, हे तिथे पहिल्या तासात कळते. त्यानंतर मासिके. त्या काळच्या कवितेसाठी जळगावहून नारायण नरसिंह फडणीस काढत ते ‘काव्यरत्नावली’ (१८८७ ते १९३५) आधी चाळा, कारण ते फक्त कवितेला वाहिलेले होते. मग ‘मनोरंजन’, ‘विविधज्ञानविस्तार’ आणि ‘करमणूक’ हे साप्ताहिक. मुंबई आणि ठाणे येथील मराठी ग्रंथसंग्रहालयांत जुने अंक सापडण्याची शक्यता चांगली. जाण्याआधी हवे ते वर्ष कळवून ठेवा, म्हणजे फेरी फुकट जात नाही.

प्रत्येक कवितेला एक स्वतंत्र कार्ड करा. त्यावर मासिकाचे नाव, वर्ष, पुस्तक, अंक, पृष्ठ, खाली छापलेली सही जशीच्या तशी, शीर्षक, संपूर्ण पहिली ओळ, वृत्त आणि कडव्यांची संख्या. कार्डे लावायची ती पहिल्या ओळीनुसार, शीर्षकानुसार नव्हे. तीच कविता मासिकात ‘एका फुलास’ आणि संग्रहात ‘फूल’ होते. पहिली ओळ सहसा तितकी बदलत नाही.

घोटाळे होण्याच्या जागा ठरलेल्या आहेत. बांधणी करणारे मुखपृष्ठे आणि जाहिराती काढून टाकतात आणि महिना बहुधा मुखपृष्ठावरच असतो. अशा वेळी आतला अंक-क्रमांक धरून मागेपुढे मोजावे लागते. तारीख शकात असेल तर चैत्रापासून ३१ डिसेंबरपर्यंत ७८ मिळवायचे, १ जानेवारीपासून फाल्गुनअखेर ७९. पौष-माघाच्या अंकाला सवयीने ७८ मिळवले की कविता एक वर्ष आधीची ठरते आणि ‘अमक्याच्या आधी याने हे लिहिले’ असा खोटा शोध लागतो. टोपणनाव आणखी बेभरवशाचे. एकच सही दोघे वापरतात, एकच माणूस तीन सह्या करतो. नुसत्या सहीवर कविता कुणाच्या नावे लावू नका. संग्रहात आलेली असणे, समकालीन पत्र, संपादकाची टीप, यांपैकी काहीतरी हवे. कवयित्रींच्या बाबतीत माहेरचे आणि सासरचे अशी दोन्ही नावे शोधा.

मासिकातला पाठ आणि संग्रहातला पाठ शेजारी ठेवून फरक नोंदवा. संग्रह मरणोत्तर असेल तर जास्तच काळजी. केशवसुत १९०५ मध्ये गेले आणि त्यांची कविता नंतर ह. ना. आपट्यांच्या संपादनाखाली आली. दत्त (द. कों. घाटे) १८९९ मध्ये, पंचविशीच्या आत गेले, संग्रह १९२२ मध्ये त्यांचे चिरंजीव वि. द. घाटे यांनी काढला. मधल्या तेवीस वर्षांत मराठी कवितेची अभिरुचीच पालटली होती. अशा संग्रहातली निवड आणि क्रम कवीचा नसतो, आणि ‘कवीचा विकास’ त्या क्रमावरून काढणे ही फार जुनी चूक आहे.

लेख लिहिताना ‘उपेक्षित’ हा शब्द आधी सिद्ध करा. कोणत्या प्रातिनिधिक संग्रहांत तो कवी आहे, कोणत्यांत नाही, कधीपासून गळला? गळण्याची कारणे बहुतेक वेळा रुक्ष असतात : लवकर मृत्यू, संग्रह नसणे, जोडीचे मोठे नाव. रविकिरण मंडळ हे कवींचे मंडळ म्हटले की माधव जूलियन, यशवंत, गिरीश आठवतात. मनोरमाबाई रानडे त्याच मंडळात होत्या, श्री. बा. रानडे यांच्यासह त्यांचा ‘श्रीमनोरमा’ हा संयुक्त संग्रहही आहे, आणि संयुक्त असल्यामुळेच त्यांच्या कवितेवर वेगळे असे फारसे बोलले जात नाही. कवी रेंदाळकरांचे उलटे झाले : निर्यमक (यमक नसलेल्या) कवितेचा पुरस्कर्ता हे एक वाक्य उरले, त्या वाक्यामागच्या कविता कुणी उघडत नाही. तुमचा कवी केशवसुतांच्या तोडीचा होता असे दाखवण्याच्या भरीस पडू नका. दहा-बारा कविता पूर्ण द्या, त्यांत दोन पडलेल्याही असू द्या. तीन चमकदार ओळी तोडून दिल्या की वाचक मूळ कवितेपर्यंत जातो, निराश होतो आणि कवी दुसऱ्यांदा विसरला जातो.

प्रश्न : मुक्ताबाईंच्या ‘मुंगी उडाली आकाशीं’चा खरा अर्थ कोणता? प्रत्येक कीर्तनकार वेगळा सांगतात. (एक वारकरी वाचक)

उत्तर : हा कूट अभंग आहे. कुटात अशक्य विधाने ओळीने मांडायची हा प्रघातच असतो, कबीरांच्या उलटबांसीत (उलट्या विधानांच्या पदांत) तेच दिसते. मुंगी म्हणजे जीव, सूर्य म्हणजे ज्ञान, विंचू म्हणजे अमुक, असा तक्ता करणे सोपे आहे. त्यातला एक शब्द बदलला तरी तक्ता तितकाच चालतो, आणि नेमका तोच त्याचा दोष.

त्यापेक्षा विधानांचा घाट पाहा. मुंगी सूर्याला गिळते, पाताळात गेलेल्या विंचवाच्या पायांशी शेष माथा टेकतो, माशीला घार होते. या तिन्हींत क्षुद्र ते महत्पेक्षा वरचढ ठरते. ‘वांझे पुत्र प्रसवला’ मात्र त्या जातीचे नाही. त्यात लहानमोठे काही नाही. वंध्यापुत्र हा वेदान्तातला ‘जे मुळात नाहीच’ याचा ठरलेला दाखला, आकाशपुष्प आणि सशाचे शिंग यांच्या रांगेतला. तो मधे आला की बाकीच्या नवलांचा पायाही संशयास्पद होतो. म्हणून शेवटी मुक्ताई हसते हे महत्त्वाचे. ती समजावून सांगत नाही.

एक सावधगिरी. ‘मुक्ताई हांसली’ ही नाममुद्रा, म्हणजे अभंगात गुंफलेले कवीचे नाव, आहे, तिने कर्तृत्व सिद्ध होत नाही. नामदेवांच्या गाथेत विष्णुदास नामा या नंतरच्या कवीचे अभंग मिसळलेले आहेत हे सर्वज्ञात आहे. पोथ्यांत शब्द तोडून लिहीत नसत, म्हणून छापील प्रतींतली शब्दांची फोड संपादकाची असते. आणि वर मर्ढेकरांसाठी सांगितलेली मोजणी इथे चालणार नाही. या लहान अभंगाच्या चरणात साधारण आठ अक्षरे येतात, पण गाताना एखादे वाढते किंवा घटते. ‘नवलाव झाला’ की ‘नवलाव जाहला’ हे अक्षरे मोजून ठरत नाही, त्यासाठी जुन्या प्रतीच पाहाव्या लागतात.

प्रश्न : लेखात कविता पूर्ण छापली तर परवानगी लागते का? (एका अनियतकालिकाचे संपादक)

उत्तर : १९५७च्या कॉपीराइट कायद्याप्रमाणे कवीच्या हयातीत आणि मृत्यूनंतर ६० वर्षे हक्क राहतो. ही मोजणी मृत्यूच्या पुढच्या १ जानेवारीपासून. मर्ढेकर १९५६ मध्ये गेले, त्यामुळे त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या कवितांवरचा हक्क २०१६अखेर संपला. ग्रेस २०१२ मध्ये गेले, म्हणजे २०७२अखेरपर्यंत परवानगी लागेल. कविता मरणोत्तर प्रथम प्रसिद्ध झाली असेल तर ६० वर्षे प्रकाशनापासून धरतात. टोपणनावाने आलेल्या आणि कवीची ओळख उघड न झालेल्या कवितेलाही तोच नियम. समीक्षेसाठी ओळी उद्धृत करायला परवानगी लागत नाही. किती ओळी, याचा आकडा कायद्यात नाही, पण आठ ओळींच्या कवितेतल्या आठही ओळी म्हणजे उद्धरण नव्हे, पुनर्मुद्रण. कविता मुक्त झाली तरी नव्या आवृत्तीतली प्रस्तावना आणि टिपा संपादकाच्या असतात. त्या उचलू नका.