सत्र संपायला आलंय, नव्या प्राध्यापकाने आधी काय उरकावं?

तुम्ही लिहिलंय की परभणी जिल्ह्यातल्या एका महाविद्यालयात यंदाच तासिका तत्त्वावर इतिहास शिकवायला लागलात. पहिलं सत्र संपत आलंय, ग्रुपवर रोज नवी सूचना पडतेय, एक प्रकरण शिकवायचं राहिलंय आणि मराठीतून शिकवायला धड साहित्य सापडत नाही. तेव्हा आधी काय करावं आणि साहित्य कुठं शोधावं, असा तुमचा प्रश्न.

मीही इतिहासच शिकवतो, बीड जिल्ह्यात. माझं विद्यापीठ संभाजीनगरचं, तुमचं नांदेडचं. म्हणून तारखा आणि गुणांची विभागणी तुमच्याच परिपत्रकात बघा, माझ्या भरवशावर राहू नका. सत्राच्या शेवटाची धांदल मात्र दोन्हीकडं सारखीच. त्यात मी एकच क्रम पाळतो: जे राहिलं तर लेकराचं नुकसान होईल ते आधी, जे राहिलं तर फक्त फाईल अपुरी दिसेल ते नंतर. गंमत म्हणजे वरून येणाऱ्या सूचनांचा जोर नेमका उलटा असतो. नॅकच्या, म्हणजे महाविद्यालयांचा दर्जा तपासणाऱ्या संस्थेच्या, फाईलसाठी दोन-दोनदा फोन येतात, आणि अंतर्गत गुण (महाविद्यालयानंच चाचण्या-स्वाध्यायांवर द्यायचे गुण) भरायची शेवटची तारीख परिपत्रकाच्या पोटात कुठंतरी एका ओळीत असते.

तर पहिलं काम अंतर्गत गुणांचं. विद्यापीठाच्या पोर्टलवर गुण भरायची खिडकी ठरावीक दिवसच उघडी असते. ती बंद झाली की प्राचार्यांचं पत्र घ्या, परीक्षा विभागात जा, टेबलाटेबलावर उभे राहा, हे सगळं आलं. तेवढं करूनही निकालात त्या मुलाच्या नावापुढं ‘राखीव’, म्हणजे निकाल रोखून ठेवलाय, असा शेरा पडला, तर पुढच्या प्रवेशाला आणि शिष्यवृत्तीच्या अर्जाला तो अडकतो. म्हणून शेवटच्या दिवसाची वाट बघू नका. त्या दिवशी सर्व्हर हमखास रुसतो.

भरण्याआधी गुणांची यादी वर्गात वाचून दाखवा आणि प्रत्येकाची सही घ्या. ‘सर, मी चाचणी दिली होती, माझं नाव कसं नाही?’ हे तेव्हाच कळतं. एकाच आडनावाची, एकाच नावाची दोन-तीन पोरं आपल्याकडं प्रत्येक वर्गात असतात, त्यामुळं नावावर जाऊ नका, विद्यापीठानं दिलेला कायम नोंदणी क्रमांक (पीआरएन) जुळवा. शून्य आणि गैरहजर या पोर्टलवर दोन वेगळ्या नोंदी आहेत आणि रिकामी चौकट ही तिसरीच भानगड, तेव्हा कुठलीही चौकट रिकामी ठेवू नका. सगळं भरून झालं की प्रिंट काढा, विभागप्रमुखांची सही घ्या आणि एक झेरॉक्स स्वतःच्या घरी ठेवा. कार्यालयातली प्रत गरजेच्या वेळी सापडेलच असं नाही.

दुसरं काम गायब झालेल्या मुलांचं. पहिल्या सत्राचा शेवट आणि सोयाबीनची काढणी एकाच वेळी येते, पाठोपाठ कापूस वेचणी. ‘सर, सोयाबीन काढायलेत, आठ दिवस येणं होत नाही,’ असं सांगून जाणारा मुलगा तरी बरा, बाकीचे न सांगताच जातात. आमच्याकडं तर दसरा-दिवाळीनंतर घरंच्या घरं ऊसतोडीला पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात निघतात. हजेरीचा नियम 75 टक्क्यांचा आहे, तो मी मोडा म्हणत नाही. पण कोण रानात आहे आणि कोण गावात टपरीवर बसलाय हे तुम्हाला ठाऊक असायला हवं. कमी हजेरीचा अर्ज वेळेत करायचा असतो, हेच मुळात यातल्या निम्म्या पोरांना माहीत नसतं.

व्हॉट्सॲप ग्रुपवर सूचना टाकली म्हणजे काम झालं असं समजू नका. बऱ्याच मुलींचा ग्रुपवरचा नंबर वडिलांचा किंवा भावाचा असतो. परीक्षा अर्जाची शेवटची तारीख, विलंब शुल्क कधीपासून, मागच्या सत्रात राहिलेल्या विषयाचा अर्ज वेगळा भरायचा, एवढं फळ्यावर मोठ्या अक्षरात लिहा. गैरहजर असेल त्याच्या गावचा कोण वर्गात आहे ते विचारून त्याच्याकडं निरोप द्या. एसटीनं जाणाऱ्या पोरांच्या हाती दिलेला निरोप त्याच संध्याकाळी पोचतो.

राहिलेल्या प्रकरणासाठी जादा तास लावून धावत सुटू नका. प्रकरणाचा सांगाडा एका तासात फळ्यावर मांडा: काळ, कारणं, घटना, परिणाम. उरलेले तास जुन्या प्रश्नपत्रिकांना द्या. आपल्या पोरांना येत असतं, पण दहा गुणांच्या उत्तरात किती लिहायचं आणि टीप म्हणजे काय याचा अंदाज नसतो. एक उत्तर वर्गातच लिहून घ्या आणि तिथल्या तिथं तपासा. शेवटच्या तासाला कोऱ्या चिठ्ठ्या वाटा, नाव न लिहिता एवढंच विचारा: कोणतं प्रकरण डोक्यावरून गेलं? छापील अभिप्राय फॉर्मवर सगळे ‘उत्तम’वर खूण करतात, खरं ते या चिठ्ठ्यांत निघतं.

आता साहित्य. मराठीतून शिकवणाऱ्याला सगळ्यांत कामाची पडतात ती दूरशिक्षणाची पुस्तकं. नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहे, त्यांची पुस्तकं एकट्यानं घरी वाचणाऱ्यासाठी लिहिलेली असल्यानं भाषा सोपी आहे. कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाच्या आणि मुंबई विद्यापीठाच्या दूरशिक्षण विभागांचं साहित्य पीडीएफमध्ये मिळतं. फक्त त्यांचा अभ्यासक्रम तुमचा नाही, तेव्हा प्रकरणं जुळवून घ्या आणि कृपा करून ते जसंच्या तसं उतरवून देऊ नका. मराठी विश्वकोश ऑनलाइन मोफत आहे, नोंदी आटोपशीर आणि भरवशाच्या. पारिभाषिक शब्द अडला तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोशही ऑनलाइन आहेत. ई-पीजी पाठशाला आणि स्वयम् हे केंद्र सरकारचे ऑनलाइन अभ्यासक्रम बरेचसे इंग्रजीत आहेत, ते तुमच्या स्वतःच्या तयारीला. एन-लिस्ट या महाविद्यालयांसाठीच्या ई-पुस्तकं आणि ई-नियतकालिकांच्या योजनेत तुमचं महाविद्यालय आहे का ते ग्रंथपालांना विचारा. असेल तर लॉगिन मागून घ्या, बरेच जण मागतच नाहीत.

राज्य शासनाचं जुनं परभणी जिल्हा गॅझेटिअर, म्हणजे जिल्ह्याच्या माहितीचा सरकारी ग्रंथ, जरूर चाळा. हिंगोली जिल्हा परभणीतून वेगळा झाला तो त्यानंतर, 1 मे 1999 ला, त्यामुळं आता हिंगोलीत असलेलं औंढा नागनाथही त्यातच सापडेल. आणि पुढच्या सत्राला स्वाध्याय देताना ‘1857 च्या उठावाची कारणं लिहा’ असा देऊ नका, सगळी वही गाईडमधून उतरते. ज्यानं त्यानं आपल्या गावातली वेस, बारव, वीरगळ किंवा गढी बघून यावी, फोटो काढावा, म्हाताऱ्यांना विचारून दोन पानं लिहावीत. जिंतूर तालुक्यातलं चारठाणा तर तुमच्याच जिल्ह्यात आहे. तिथली मंदिरं आणि बारव दाखवल्यावर मध्ययुगीन स्थापत्य निराळं शिकवावं लागत नाही. 1948 चा मराठवाडा मुक्तिसंग्राम कळत्या वयात पाहिलेली माणसं आता फार थोडी उरलीत. गावात असं कुणी असेल तर हा स्वाध्याय दुसऱ्या सत्राच्या सुरुवातीलाच द्या.

दैनंदिनी, हजेरीपत्रक, अभ्यासक्रम निष्पत्तीचे (विषय शिकून मुलांना काय यायला हवं, याचे) तक्ते हे सगळं शेवटी, एका रविवारी बसून होतं. उत्तरपत्रिका तपासणीचा आदेश आला तर टाळू नका. परीक्षेच्या कामात मदत करणं महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ अधिनियम, 2016 नुसार शिक्षकांवर बंधनकारक आहे. निकालासाठी त्याच कायद्यात 30 दिवसांचं उद्दिष्ट आणि 45 दिवसांची मर्यादा आहे, म्हणून तपासणी केंद्रावर घाई असते.

तुम्ही तासिकेवर आहात म्हणून अजून एक. घेतलेल्या तासांची तारीखवार नोंद स्वतःच्या वहीत ठेवा, हजेरीपत्रकाशी जुळवा आणि बिलावर विभागप्रमुख, प्राचार्य दोघांच्या सह्या आत्ताच घ्या. अनुभव प्रमाणपत्राचा अर्जही सोबतच द्या आणि आवक क्रमांक टाकलेली पोच मागून घ्या. दिवाळीच्या सुट्ट्या लागल्या की आस्थापनेचे बाबू थेट दुसऱ्या सत्रातच भेटतात.