शूटिंगच्या धंद्यातली मैत्री टिकते का?

तुम्ही विचारलंय की चित्रपट आणि जाहिरातींच्या निर्मितीत वर्षानुवर्षं काम केलेल्यांना तिथली माणसं आठवतात का, आणि काम संपल्यावर ती मैत्री उरते का. मी बावीस वर्षं कॅमेरा विभागात होतो. आधी लोडर, म्हणजे कॅमेऱ्यासाठी फिल्म भरणारा, मग फोकस पुलर, म्हणजे शॉट चालू असताना लेन्सचा फोकस सांभाळणारा. माझं उत्तर असं की टिकते, पण जिथे एकाच्या चुकीने दुसऱ्याचं काम मातीमोल होऊ शकतं आणि तरी भरवसा ठेवावाच लागतो, तिथलीच टिकते.

फिल्मच्या दिवसांत हा भरवसा अक्षरशः अंधारातला होता. 35 मिमीचा 400 फुटांचा रोल सेकंदाला 24 फ्रेमने साडेचार मिनिटांच्या आत संपतो. तो संपला की लोडर मॅगझिन, म्हणजे कॅमेऱ्याची फिल्मची पेटी, घेऊन चेंजिंग बॅग या उजेड न शिरणाऱ्या पिशवीशी बसणार. बाह्यांमधून दोन्ही हात आत, नजर समोर कुठेतरी लावलेली, आणि सगळं काम बोटांवर. वापरलेला रोल काळ्या पिशवीत, पिशवी डब्यात, डब्याला टेप, टेपवर रोल नंबर. वापरलेला आणि कोरा डबा यांत गफलत झाली तर एकाच निगेटिव्हवर दोनदा शूटिंग होतं आणि दोन्ही टेक जातात. त्याच्या हातात काय चाललंय ते कुणालाच दिसत नसतं.

एकदा शाम्पूच्या जाहिरातीत बाटली पाण्यात पडण्याचा शॉट होता. सेकंदाला 150 फ्रेम. त्या वेगाने 400 फूट 43 सेकंदांत संपतात, त्यामुळे माझा लोडर सारखा बॅगेतच. सतरावा तास चालू होता. शॉट ओके झाला, लाइटमन केबल गुंडाळायला निघाले, आणि तो माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाला, "दादा, डबा रिकामा समजून उघडला. पिशवी झटकली तर रोल बाहेर आला. उजेड लागला." ओके टेक त्याच रोलवर होता.

त्याने गप्प बसायचं ठरवलं असतं तर कुणालाही कळलं नसतं. लॅबने दोन-तीन दिवसांनी रोल फॉग झाल्याचं, म्हणजे उजेड लागून खराब झाल्याचं, कळवलं असतं. मग कॅमेऱ्यात उजेड शिरला, डबा वाटेत उघडला, लॅबकडूनच चुकलं, काहीही निघालं असतं. तोवर सेटही मोडलेला असता. आम्ही दोघं मिळून कॅमेरामन सरांकडे गेलो. त्यांनी एवढंच विचारलं, "रोल कुठला?" त्याने रोलच्या नोंदींच्या रिपोर्टवर बोट ठेवून नंबर दाखवला. सर म्हणाले, "सांगितलंस ते बरं केलंस. दुसरा लोड कर." पाण्याची टाकी जागेवरच होती, शॉट पुन्हा घेतला. त्या रात्री निर्मिती व्यवस्थापक त्याला सगळ्यांदेखत नाही नाही ते बोलला. मला अजूनही वाटतं, ते बोलणं चुकीचंच होतं. अशा वागण्यानेच पुढची मुलं चुका लपवायला शिकतात. त्यानंतर मी त्या लोडरशिवाय काम घेतलं नाही.

दुसरा माणूस ट्रॉलीवाला, कॅमेरा ठेवलेली ट्रॉली चालवणारा. बाहेरच्यांना वाटतं, तो फक्त ढकलतो. 85 मिमीची लेन्स, टी 2 चं ॲपर्चर (म्हणजे लेन्सचं तोंड बरंच उघडं) आणि नट दोन मीटरवर असेल तर जेमतेम पाच-सहा सेंटीमीटर एवढंच शार्प दिसतं. डोळा शार्प असेल तर कान धूसर. मी टेपने अंतर मोजून फोकसच्या रिंगवर खुणा करायचो, पण ट्रॉली खुणेच्या दोन इंच आधी थांबली तर त्या खुणांचा उपयोग शून्य. हा गडी टेकच्या वेळी नटाकडे बघायचाच नाही, माझ्या उजव्या हाताकडे बघायचा. हात फिरला की त्याचं पाऊल उचललं. अकरा वर्षांत या बाबतीत आमचं एकमेकांशी काही बोलणं झाल्याचं मला आठवत नाही.

जाहिरात आणि चित्रपट यांत फरक आहे. चित्रपटात दोन-तीन महिने रोज एकत्र, घरच्यांपेक्षा जास्त सहवास, आणि पॅकअपनंतर सगळे पांगतात. पुन्हा भेटू असं सगळेच म्हणतात आणि मनापासून म्हणतात, तरी भेट होत नाही. जाहिरातीचं काम दोन दिवसांचं, पण तीच माणसं महिन्यातून दोनदा समोर येतात. माझी खरी मैत्री तिथेच मुरली.

तुटलीसुद्धा. एक सहायक दिग्दर्शक माझा जिवलग होता. तो दिग्दर्शक झाला आणि पहिल्याच कामाला त्याने दुसरा फोकस पुलर घेतला. मी त्याचे फोन उचलणं बंद केलं. तेव्हा मला ध्यानात आलं नाही की कॅमेऱ्याची टीम बहुतेक वेळा कॅमेरामनच ठरवतो, दिग्दर्शक नव्हे. एवढी वर्षं त्या धंद्यात काढून मला हे कळायला हवं होतं. त्याचं दुःख आजही आहे.

मग फिल्मच गेली. 2010 मध्ये ॲरी कंपनीचा अलेक्सा हा डिजिटल कॅमेरा आला, 2012 च्या जानेवारीत फिल्म बनवणाऱ्या कोडॅकने दिवाळखोरीचा अर्ज केला, 2013 मध्ये फुजीफिल्मने शूटिंगची निगेटिव्ह बनवणं थांबवलं. लोडर हे पद बघता बघता नाहीसं झालं. आमच्यातले काही कायमचे घरी बसले. ज्यांची बोटं अंधारात इतकं नेमकं काम करायची, त्यांना कुणी नीट निरोपही दिला नाही.

माझा लोडर मात्र कॉम्प्युटर शिकला आणि आता सेटवरचा डेटा सांभाळतो. कॅमेऱ्याच्या मेमरी कार्डावरचं फुटेज दोन वेगळ्या ड्राइव्हवर उतरवायचं, चेकसम (नक्कल मूळाशी तंतोतंत जुळते का ते दाखवणारा आकडा) जुळवायचं, आणि तरीही कार्ड पुसण्याआधी दुसऱ्या कुणाला तरी शेजारी उभं करून नंबर मोठ्याने वाचायला लावायचा, हा त्याचा नियम आहे. मागच्या वर्षी मी त्याच्या सेटवर सहज गेलो होतो, तर त्याने मलाच उभं केलं. मी चष्मा लावून कार्डाचा नंबर वाचला, त्याने यादीत खूण केली आणि मगच कार्ड पुसलं.