वारा सुटला की छातीत धडधडतं

प्रश्न : ताई नमस्कार, मी दापोली तालुक्यातली, वय ४४. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा आमची नारळ-सुपारीची वाडी दोन-तीन तासांत आडवी झाली, घरावरचे पत्रे गेले, लाइट तर महिनाभर नव्हती. त्यातनं कसंबसं उभं राहतोय तोवर एप्रिल २०२१ मध्ये मिस्टर कोविडनं गेले, तोंडसुद्धा नीट बघायला मिळालं नाही. तेव्हा गावात एक आधार गट चालू झाला होता, आमच्या बचत गटातल्याच बायका, आशाताई आणि एका संस्थेच्या मॅडम. दर बुधवारी दुपारी फोन यायचा, नंतर नंतर देवळाच्या मंडपात लांब लांब बसून मीटिंग. त्या जोरावर मी कागदपत्रं केली, वाडीत परत रोपं लावली, मुलांना बघितलं. दीड वर्षानं तो कार्यक्रम संपला. आता थोरला मुंबईला नोकरीला लागलाय, धाकटी दहावीत आहे, तसं सगळं बरं चाललंय. पण मे संपत आला, वारा सुटला की छातीत धडधडतं, रात्र रात्र डोळा लागत नाही. मुलगा म्हणतो, आई तू तेव्हा किती खंबीर होतीस, आता काय झालं? खरंच मी कमजोर झाले का?

उत्तर : नाही गं बाय, अजिबात नाही. मुलगा मायेनं बोलतोय, पण त्याला तेव्हा फक्त खंबीर आई दिसली, तिला येणारा बुधवारचा फोन नाही दिसला. तो फोन बंद झाला आणि तू एकटी पडलीस, एवढंच झालंय. आणि हे मी उगाच धीर द्यायला म्हणत नाहीये, कारण २०२१ ला मीसुद्धा अशाच एका गटासाठी फोन करायचे.

माझ्या वहीत बारा नावं होती. आम्हाला सांगितलेलं की सल्ला द्यायचा नाही, रडू नका म्हणायचं नाही, जेवलात का विचारायचं आणि ठरलेली वेळ चुकवायची नाही. त्यातली एक बाई तीन आठवडे नुसतं "हं" म्हणायची, मी काहीही विचारलं तरी हं, मला वाटायला लागलं आपण तिला त्रासच देतोय. चौथ्या आठवड्यात ती आपणहून म्हणाली, "आज कुळथाची पिठी केली." बास, एवढंच. फोन ठेवल्यावर मी पडवीत बसून रडले, कारण नवरा गेल्यापासून तिनं चूल पेटवलीच नव्हती, शेजारचे डबा देत होते.

तिला मी काही म्हणजे काही शिकवलं नव्हतं, फक्त पुढच्या बुधवारी आपल्याला कोणीतरी विचारणार आहे हे तिला पक्कं माहीत होतं. उभारी उभारी म्हणतात ती मी तरी अशीच येताना बघितली. आणि त्याच्या जोडीला हाताला काम. कोविडनं माणूस गेलेल्या घराला मिळणाऱ्या ५०,००० रुपयांच्या सानुग्रह अनुदानाचा फॉर्म, मृत्यूचा दाखला, रिपोर्टची झेरॉक्स, कोविडमध्ये नवरा गेलेल्या बायकांसाठी ऑगस्ट २०२१ ला सरकारचं मिशन वात्सल्य सुरू झालं त्याचे तालुक्याला हेलपाटे, हे सगळं चारचौघी मिळून एका रिक्षातनं करायच्या. एकटीला तहसीलच्या पायऱ्या चढवत नव्हत्या गं.

तू वाडीवाली आहेस म्हणून तुला हे पटेल. सुपारीच्या रोपाला सुरवातीची वर्षं ऊन सोसत नाही, म्हणून आपण केळी लावतो सावलीला. निसर्गमध्ये मोठी झाडं गेली तेव्हा खालची वाचलेली रोपंसुद्धा उन्हानं करपली, तुमच्याकडेही झालं असेल. तेव्हा रोपाला कोणी कमजोर म्हटलं का? तुझी केळ दीड वर्षात काढून घेतली. पैसे संपले असतील, माणसं दुसऱ्या कामाला लागली असतील, मी कोणाला दोष देत नाही, पण दुःख काही प्रोजेक्टच्या तारखा बघून संपत नाही आणि हे ज्यांनी असे कार्यक्रम आखले त्यांना कोणीतरी ठणकावून सांगायला हवं असं मला फार वाटतं.

आता जूनचं. जूनमध्ये निसर्ग, पुढच्या एप्रिलमध्ये मिस्टर, आणि महिना होतोय न होतोय तोच मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ. एवढं सगळं एकाच हंगामात, वाऱ्याच्या आवाजाशी बांधलं गेलंय. आपण विसरलो तरी अंग विसरत नाही, तोच वास, तोच वारा आला की धडधड सुरू. बऱ्याच जणांना ही भीती कामं उरकल्यावर, मुलं मार्गी लागल्यावर वर येते, कारण आधी घाबरायला फुरसतच नसते. पण झोप दोन आठवड्यांच्या वर गेली असेल तर अंगावर काढू नकोस. १४४१६ हा टेलिमानसचा, म्हणजे मनाच्या त्रासासाठीच्या सरकारी हेल्पलाइनचा नंबर आहे, फुकट, चोवीस तास, मराठीत बोलतात. आणि जगणं नकोसं वाटलं तर सकाळची वाट न बघता त्याच क्षणी लाव, शेजारणीलाही उठव. रत्नागिरीला सिव्हिलमध्ये मानसोपचाराचे डॉक्टर भेटतात. तिथलं मनोरुग्णालय १८८६ पासूनचं, त्यामुळे आपल्याकडे नुसतं रत्नागिरीला नेलं म्हटलं तरी लोक भलतंच समजतात, समजू देत. बीपीची गोळी घेतो तसंच आहे हे. छातीत धडधडतं म्हणतेस तर एकदा ईसीजी, बीपी, थायरॉइड पण बघून घे, सगळंच मनावर ढकलायचं नाही.

धाकटीचा बाल संगोपन योजनेचा अर्ज केलायस का? वडील गेलेल्या मुलांना १८ वर्षांपर्यंत मिळतं, महिन्याला २२५० रुपये, नसेल केला तर महिला व बालविकासच्या ऑफिसात विचार.

आणि गट. कार्यक्रम संपला, बायका तर गावातच आहेत ना? मीटिंग, रजिस्टर, फोटो काही नको. चौघी-पाचजणी पुरेत, एकीनं दुसरीला, दुसरीनं तिसरीला असा फोन फिरवायचा, वार बुधवारच ठेवा, सवय आहे. जून लागायच्या आत सुरू करा म्हणजे वारा सुटेल तेव्हा कोणीतरी फोनवर असेल, आणि ३ जूनला रात्री कोणाच्या तरी एकीच्या घरी सगळ्याजणी झोपायला जा, धाकटीलाही घेऊन. थोरल्याला हे पान वाचायला दे. त्याला म्हणावं खंबीर वगैरे राहू दे, बुधवारी रात्री आठला फोन कर आणि आई जेवलीस का एवढं विचार.