आपल्याच पेशी, पण गरीब गाय नव्हेत

रक्ताचं नातं : वाचकांचे प्रश्न, रक्तविकारतज्ज्ञांची उत्तरं

मागच्या अंकात मी 'कार-टी' या कर्करोगावरच्या उपचाराचा, म्हणजे रुग्णाच्याच पेशी काढून, कर्करोग ओळखायला शिकवून परत देण्याचा, ओझरता उल्लेख केला होता. त्यावर आलेल्या पत्रांपैकी तीन इथे घेते. एकाचं उत्तर लांबलं आहे, ते लांबायलाच हवं होतं.

'कार-टी'मधली 'कार' म्हणजे काय? मोटारीशी काही संबंध नाही, असं नातवाला ठोकून दिलं आहे. – एक निवृत्त शिक्षक, सातारा

नातवापुढची तुमची पत शाबूत आहे, सर. 'कार' ही 'कायमेरिक अँटिजेन रिसेप्टर' या इंग्रजी नावाची आद्याक्षरं. त्यातला पहिला शब्द 'कायमेरिक'. ग्रीक पुराणातला, तीन प्राण्यांची अंगं जोडून झालेला एक जीव आहे, त्याच्यावरून आला. नातवाला नरसिंह सांगा, लगेच कळेल. इथे ओळखणारं डोकं अँटिबॉडीचं (परकं ओळखून त्याला चिकटणारं रक्तातलं प्रथिन) आणि मारणारं धड टी-पेशीचं. टी-पेशी म्हणजे आपल्या रक्तातल्या एक प्रकारच्या पांढऱ्या पेशी. विषाणू शिरलेली पेशी हुडकून मारणं हे त्यांचं रोजचं काम. कर्करोगाची पेशी मात्र त्यांना पुष्कळदा घरचीच वाटते आणि त्या तिला सोडून देतात. प्रयोगशाळेत, निरुपद्रवी केलेल्या विषाणूच्या हातून, त्यांच्यात एक नवं जनुक घालतात. मग त्यांच्या अंगावर हे नवं डोकं उगवतं.

माझा थोरला भाऊ, वय ५२. लिम्फोमा, म्हणजे लसीकाग्रंथींचा कर्करोग (डिफ्यूज लार्ज बी-सेल). केमोचे सहा डोस झाले, गाठी गेल्या, आठ महिन्यांत परत आल्या. डॉक्टर कार-टीबद्दल बोलले. व्हॉट्सॲपवर आलं आहे की स्वतःच्याच पेशी असल्यामुळे साइड इफेक्ट शून्य. खर्च ऐकून वहिनी दोन एकर उसाची जमीन विकायचं म्हणते. विकावी का? – धाकटा भाऊ, वाळवा तालुका

जमिनीचा प्रश्न तुम्ही शेवटी लिहिलात, पण रात्रीची झोप त्यानेच उडवली असणार. तरी त्याच्याकडे मी सावकाश येते, कारण दोन गोष्टी पैशाआधी करायच्या आहेत आणि त्या याच आठवड्यात.

एक, परत आलेल्या गाठीचा तुकडा पुन्हा तपासला आहे का ते विचारा. ही औषधी पेशी कर्करोगाच्या पेशीवरची 'सीडी १९' नावाची खूण बघून हल्ला करते. खूण नसेल तर हल्ला कशावर? जुन्या रिपोर्टवर विसंबू नका.

दोन, मधल्या काळात गाठी दाबून ठेवायला पुढची केमो लिहून दिली असेल, तर तिच्यात 'बेंडामस्टिन' आहे का ते बघा. हे औषध वाईट नाही, पण ते टी-पेशींची बरीच नासधूस करतं. ज्या पेशी काढून शिकवायच्या, त्याच आधी मारून कसं चालेल? पेशी आधी काढून ठेवता येतील का, हे केमो देणाऱ्या आणि कार-टी करणाऱ्या, दोन्ही डॉक्टरांना एकमेकांशी फोनवर बोलायला लावून ठरवा. चिठ्ठ्या पाठवण्यात दिवस जातात. हा मुद्दा कोणी आपणहून सांगेलच असं नाही, म्हणून इतकं लांबवलं.

आता त्या 'शून्य' साइड इफेक्टबद्दल. पेशी काढणं खरंच सोपं आहे. एका हातातून रक्त मशीनमध्ये जातं, हव्या त्या पेशी बाजूला पडतात, उरलेलं रक्त दुसऱ्या हातात परत. काही तास पडून राहायचं. पेशी तयार व्हायला साधारण दोन-तीन आठवडे. परत द्यायच्या आधी तीन दिवस केमो असतेच, नव्या पेशींना जागा करायला. 'केमोविना उपचार' हेही कोणी पाठवलं असेल तर पुसून टाका.

पेशी अंगात गेल्या आणि कामाला लागल्या की ताप चढतो. त्या एकदम वाढतात, एकमेकींना रसायनांचे निरोप धाडतात, आणि त्या गदारोळात रक्तदाब पडू शकतो, ऑक्सिजन लागू शकतो. २०१२ मध्ये अमेरिकेत फिलाडेल्फियाला एमिली व्हाइटहेड नावाच्या सहा वर्षांच्या मुलीला हा उपचार दिला. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) असलेल्या मुलांत हा उपचार मिळालेली ती पहिली. ती या तापाने व्हेंटिलेटरवर गेली. तिच्या रक्तात एक रसायन भलतंच वाढलेलं दिसलं, आणि ते अडवणारं औषध संधिवातासाठी आधीच बाजारात होतं. उपचारामागचे शास्त्रज्ञ कार्ल जून यांना ते ठाऊक होतं, कारण त्यांच्या स्वतःच्या मुलीला संधिवात होता. औषध दिलं आणि एमिली सावरली. टोसिलिझुमॅब हेच ते औषध. आज ते वॉर्डात हाताशी ठेवल्याशिवाय पेशी देत नाहीत.

काहींच्या मेंदूवर परिणाम होतो. म्हणून नर्स रोज रुग्णाला शंभरापासून दहा-दहाने उलटं मोजायला लावते आणि एक वाक्य लिहून घेते. माझे एक रुग्ण, बार्शीकडचे किराणा दुकानदार, रोज एकच वाक्य लिहीत : 'आज चहा बरा होता.' तिसऱ्या रात्री १०३ ताप, रक्तदाब खाली, त्यांनाही तेच औषध लागलं. चौथ्या सकाळी अक्षर जरा तिरकं, वाक्य मात्र वेगळं : 'आज चहा दिलाच नाही.' नर्सने निःश्वास सोडला म्हणे. ते अजून दुकानात बसतात. त्याच महिन्यात मी पाठवलेल्या दुसऱ्या एक बाई पाच महिन्यांत गेल्या. दोन्ही सांगायला हवं.

आकड्यांचंही तसंच. भारतात बनलेली पहिली कार-टी, 'नेक्सकार१९', आयआयटी मुंबई आणि टाटा मेमोरियल यांच्या कामातून आली. २०२३च्या ऑक्टोबरमध्ये तिला मंजुरी मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी पवईला राष्ट्रपतींच्या हस्ते तिचं उद्घाटन झालं. तिच्या चाचण्यांचे निकाल मार्च २०२५ मध्ये 'लॅन्सेट हेमॅटॉलॉजी' या वैद्यकीय नियतकालिकात आले. ज्यांचा परिणाम मोजता आला त्या ५१ जणांपैकी सुमारे ७३ टक्क्यांचा आजार उपचाराला दबला. बातम्या इथेच थांबल्या. पुढची ओळ अशी की लिम्फोमाच्या रुग्णांत निम्म्यांचा आजार साधारण चार महिन्यांत पुन्हा डोकं वर काढत होता. हे रुग्ण बहुतेक सगळे उपचार थकल्यावर आलेले होते हे खरं, आणि काही जणांचा आजार दीर्घकाळ गेलेलाच राहतो हेही खरं. तुमच्या भावाचा आजार वर्षाच्या आत परतला आहे. अशांसाठी परदेशी उत्पादनांच्या तीन मोठ्या चाचण्यांपैकी दोनांत कार-टी जुन्या पद्धतीपेक्षा, म्हणजे केमो आणि मग स्टेम सेल ट्रान्सप्लांट (रक्त बनवणाऱ्या मूळ पेशींचं रोपण) यांपेक्षा, सरस ठरली. म्हणजे डॉक्टरांनी नाव काढलं ते उगाच नाही.

आता ऊस. अमेरिकेत २०१७ मध्ये पहिल्या कार-टीची किंमत ४,७५,००० डॉलर होती, तेव्हाच्या भावाने तीन कोटी. आपल्याकडची सुरू झाली ती ३० ते ४० लाखांच्या घरात. 'दशांश किमतीत' म्हणून आपण टाळ्या वाजवतो, पण वाळव्यात ४० लाख म्हणजे ४० लाखच. शिवाय आयसीयू, औषधं, आणि पेशी दिल्यानंतर काही आठवडे रुग्णालयाजवळची खोली. अँटिबॉडी बनवणाऱ्या चांगल्या बी-पेशींवरही तीच 'सीडी १९' खूण असते, त्याही मारल्या जात असल्याने पुढे संसर्ग होतात, इम्युनोग्लोब्युलिनचे (तयार अँटिबॉडींचे) डोस लागू शकतात. तोही खर्च धरा.

माझं मत विचारलंत म्हणून : सौदा आत्ता करू नका. बायोप्सीचा रिपोर्ट येऊ द्या. एका मोठ्या कर्करोग केंद्रात दुसरं मत घ्या. तिथल्या वैद्यकीय समाजसेवकाला भेटा, मदत देणाऱ्या ट्रस्टचे अर्ज त्यांच्याच टेबलावरून जातात. ट्रान्सप्लांट जमत असेल तर त्याचा खर्च आणि त्यातली आशा शेजारी मांडा. आणि हा हिशेब दादांसमोर करा. तुमच्या पत्रात वहिनी काय म्हणते ते आहे, तुम्हाला काय वाटतं ते आहे, दादा काय म्हणतात ते कुठेच नाही.

पत्नीला स्तनाचा कर्करोग आहे, यकृतात गेला आहे. एक गृहस्थ 'रुग्णाच्याच रोगप्रतिकारक पेशींचे इंजेक्शन' देतो म्हणतात, सहा लाख, यशाची लेखी हमी. घ्यावं का? – जळगाव

नाही.

स्तनाच्या कर्करोगासाठी कार-टी आज कुठल्याही देशात मंजूर नाही. कारण सांगते. रक्ताच्या कर्करोगात बी-पेशी सरसकट मारल्या तरी माणूस जगतो. स्तनाच्या गाठीवर ज्या खुणा असतात, त्याच थोड्या प्रमाणात फुप्फुसावर, हृदयावर असतात. अमेरिकेत 'हर-२' ही खूण धरणाऱ्या पेशी आतड्याच्या कर्करोगाच्या एका रुग्णाला दिल्या. पंधरा मिनिटांत श्वास लागला, पाच दिवसांत मृत्यू झाला. ही नोंद २०१० मध्ये प्रसिद्ध झाली आहे. गाठीतल्या पेशी वाढवून परत देण्याचा एक उपचार २०२४च्या फेब्रुवारीत तिकडे मंजूर झाला, पण तो मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी.

तुम्हाला जे इंजेक्शन विकलं जातंय त्यात नेमकं काय आहे, ते कुठल्या प्रयोगशाळेत बनतं, औषध नियंत्रकांचा परवाना क्रमांक काय, हे त्या गृहस्थांना लेखी मागा. हमीचा कागद फेकू नका, पत्नीच्या डॉक्टरांना दाखवा. आणि तिच्या गाठीचा हर-२ आणि हार्मोनचा रिपोर्ट मला पाठवा. त्यावर चालणारी साधी, मंजूर औषधं देऊन झाली आहेत का, हे तुमच्या पत्रावरून कळत नाही.