कोणतीही वेबसाइट उघडताना दर वेळी रूट सर्व्हरला विचारलं जातं का? जगातले १३ रूट सर्व्हर बंद पडले तर इंटरनेट ठप्प होईल का?

दर वेळी अजिबात नाही. रूट सर्व्हर म्हणजे वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणाऱ्या व्यवस्थेतली, म्हणजे डीएनएसमधली, सगळ्यात वरची पायरी. तुमच्या वेबसाइटचा पत्ता त्याला मुळात ठाऊकच नसतो.

मी एका कार्यालयाचं नेटवर्क सांभाळतो. सगळ्या कॉम्प्युटरांच्या वतीने नावं शोधणारा तिथला रिझॉल्व्हर माझ्याकडेच आहे. तो नुकताच सुरू झाला असेल आणि कॅशे, म्हणजे आधी मिळालेली उत्तरं साठवायची जागा, रिकामी असेल, अशा वेळी कोणी ‘महाराष्ट्र डॉट गव्ह डॉट इन’ उघडलं, तर तो आधी रूटकडे जातो. रूट एवढंच सांगतो: डॉट इनचे सर्व्हर हे, पुढचं त्यांना विचार. तिथून गव्ह डॉट इनकडे, आणि मग कुठे आयपी पत्ता, म्हणजे त्या साइटच्या यंत्राचा आकड्यांतला पत्ता, हाती लागतो. रूटचं काम पहिल्याच पायरीवर संपलेलं असतं. शिवाय त्याचं उत्तर दोन दिवस जपून ठेवायची मुभा असते. तोवर कार्यालयातल्या कोणीही डॉट इनमधली कुठलीही साइट उघडो, रूटला विचारावं लागत नाही.

आता तो १३ चा आकडा. ही १३ यंत्रं नाहीत, ए ते एम अशी १३ नावं आहेत आणि ती १२ संस्था चालवतात. पूर्वी डीएनएसचं यूडीपीवरचं (छोटे निरोप झटपट पाठवायच्या पद्धतीवरचं) उत्तर ५१२ बाइटांत बसवावं लागे. त्यात एवढीच नावं पत्त्यांसह मावली. आज एनीकास्टमुळे एकाच पत्त्यावर जगभरातली अनेक यंत्रं उत्तर देतात. सगळी मिळून ती हजारावर आहेत, काही मुंबईतही आहेत.

२१ ऑक्टोबर २००२ ला तेराही नावांवर एकदम हल्ला झाला होता. सुमारे तासभर काही रूट सर्व्हरपर्यंत पोचणं अवघड झालं, पण सामान्य माणसाला त्याचा पत्ताही लागला नाही, कारण बहुतेक उत्तरं कॅशेमध्ये होतीच. एनीकास्टचा मोठा विस्तार त्यानंतरचा.

समजा, सगळे खरंच बंद पडले, तरी इंटरनेट त्या क्षणी थांबणार नाही. साठवलेल्या उत्तरांची मुदत संपेल तसतशी नावं सापडेनाशी होतील.

त्यावरही उपाय आहे. रूटची अख्खी यादी दीड हजाराच्या आतल्या नावांची, आपलं देवनागरी ‘डॉट भारत’ही त्यातच. ती कोणालाही उतरवून घेता येते. २०१० पासून तिच्यावर डीएनएससेक या सुरक्षा पद्धतीची डिजिटल सही असते, म्हणून कोणी फेरफार केला तर तो पकडता येतो. मी ती आता रिझॉल्व्हरवरच ठेवतो. नवी प्रत मिळाली नाही, तरी हाताशी असलेली आठवडाभर चालते.